परतीपुरती वीज

माझ्या नवऱ्याचं नाव गोरख. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते, तुम्ही म्हणते, चारचौघांत नावसुद्धा घेत नाही. पण हे लिहायला बसले तेव्हा मी चिडलेली होते आणि चिडल्यावर माझ्याच्यानं अहो-जाहो निभत नाही. म्हणून इथं तो नुसता गोरख, आणि एकेरीतला.

तर गोरखनं एक सायकल बनवली. बनवली म्हणजे दोन पावसाळे तो ती बनवतच होता. माणसं तेवढ्यात घर बांधून, वास्तुशांत करून, शेजाऱ्यांशी भांडूनही मोकळी होतात.

मी पळसदऱ्याच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे आणि राहतेही तिथंच. पळसदरा डोंगराच्या माथ्यावर आहे. दिंडोरीहून निघालं की आधी द्राक्षबागांमधून जाणारा सपाट रस्ता, मग फाटा, आणि फाट्यापासून घाट. दोन वर्षांपूर्वी त्या घाटात दरड कोसळली आणि रस्त्याची अर्धी रुंदी दरीत गेली. उरलेल्या पट्टीवर गाड्यांना बंदी झाली, मोटारसायकलींनासुद्धा. माणूस, जनावर आणि सायकल एवढ्यांनाच परवानगी. आमच्याकडे लस ड्रोननं येते, औषधं ड्रोननं येतात, बाळंतीण अडली तर तिला उचलून न्यायला पाळण्याएवढं उडतं वाहन येतं. नुसता धडधाकट माणूस वर यायचा असेल तर मात्र कसलीच सोय नाही. माझा नवरा धडधाकट होता, हीच अडचण होती.

दरडीनंतर इथं यायला कोणी सिस्टर तयार होईना, तेव्हा मला तात्पुरतं पाठवलं. त्याआधी मी दिंडोरीच्या मोठ्या रुग्णालयात होते. तिथं कोणी मला नावानं ओळखत नव्हतं. ‘ए सिस्टर’ म्हटलं की आम्ही चौघीजणी वळून बघायचो. इथं आल्यावर पहिल्यांदा एका बाळाचं वजन माझ्यामुळे वाढलं, हे मला आणि अख्ख्या गावाला ठाऊक झालं. मला पळसदरा आवडला, हे मी आडवळणानं कशाला सांगू.

गोरखचं वर्कशॉप दिंडोरीत. तो आधी एका फवारणीच्या कंपनीत ड्रोनचा मेकॅनिक होता. कंपनी बंद पडली, जुने ड्रोन भंगारात निघाले, ते यानं उचलून आणले आणि एक लेथ घेऊन स्वतःचं दुकान टाकलं. द्राक्षाच्या हंगामात बागायतदार त्याच्या दारात उभे असतात. गोरखभाऊ, पंखा अडकलाय. गोरखभाऊ, नोझल बघा. मुलगी शिकायला बाहेरगावी. म्हणजे संसार म्हणून उरलो आम्ही दोघं, एक घाटाच्या वर आणि एक घाटाच्या खाली.

मी शनिवारी पायी उतरायची, फाट्यावर मिळेल ते वाहन धरायची, सोमवारी पुन्हा चढायची. तो वर यायचा तो सणासुदीला, तेही पाय दुखतात म्हणून कुरकुरत. मी म्हणायची, इथं या. तो म्हणायचा, बदली मागून घे. त्यात तालुक्याच्या आरोग्य अधिकारी खैरनार मॅडमनी मला विचारलं, की पळसदऱ्याला कायमची राहतेस का? नसेल तर दिंडोरीची जागा मोकळी आहे, पण एकदा सांगितलं की फिरवाफिरवी नाही. दसऱ्याच्या सुट्टीनंतर पक्कं कळव.

हे मी गोरखला सांगितलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सायकल होऊन राहिली ना. ती झाली की तू तिथं, मी इथं, आणि रोज संध्याकाळी मी तुझ्याकडे. कोणालाच काही सोडावं लागणार नाही.”

म्हणजे माझ्या आयुष्याचा निर्णय एका सायकलच्या मागच्या चाकात जाऊन बसला.

बाजारात बॅटरीच्या सायकली मिळतात, नाही असं नाही. पण त्यांच्या मोटारीला कायद्यानं ताकदीची मर्यादा घातलेली आहे आणि आमच्या घाटाला कोणी तसली मर्यादा घातलेली नाही. पहिल्या चढावरच त्या धापा टाकतात. गोरखकडे फवारणी ड्रोनच्या मोटारी पडून होत्या, एकेक मोटार तळहातावर मावेल एवढी आणि बकरी उचलेल एवढ्या जोराची. त्यातली एक सायकलला लावायची, ड्रोनचाच बॅटरी पॅक मागं कॅरियरवर बांधायचा, असा त्याचा बेत होता. उपकेंद्रासाठी सायकल हवी म्हणून मॅडमकडून परवानगीही त्यानं मलाच मिळवायला लावली.

या मोटारींची एक खोड आहे. ती मला इतक्या वेळा फोनवर ऐकावी लागली, की आता मी झोपेतही समजावून सांगेन. त्या हवेत पंखा फिरवायला केलेल्या असतात. एक व्होल्ट दिला तर मिनिटाला किती फेरे, असा प्रत्येकीचा एक आकडा असतो. गोरखच्या मोटारीचा आकडा शंभर. पॅक पन्नास व्होल्टचा, म्हणजे मिनिटाला पाच हजार फेरे. सायकलचं चाक मात्र जोरात म्हटलं तरी दोनशे फेरे घेतं. मोटार थेट चाकाला जोडली तर तिला हवे तेवढे फेरे मिळत नाहीत, ती अडते, आणि अडलेली मोटार सगळी वीज उष्णतेत घालवते. म्हणून मध्ये पट्टा आणि लहानमोठ्या चकत्या घालून फेरे कमी करायचे आणि त्या बदल्यात जोर वाढवून घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. पहिला पट्टा सरकला, दुसरा तुटला, तिसऱ्यानं गोरखची पँट खाल्ली.

मग मोटार जळाली. ड्रोनवर असताना तिच्या डोक्यावरचा पंखा तिलाच वारा घालत असतो; सायकलवर पंखा नाही, आणि चढावर सायकल इतकी हळू, की अंगाला वाराही लागत नाही. तारांवरचं वॉर्निश जळाल्याचा वास महिनाभर त्याच्या शर्टाला होता. दुसरी मोटार जागेवरून सुटताना नुसती थरथरायची. तिचा कंट्रोलर फिरत्या मोटारीकडून अंदाज घेतो, उभ्या मोटारीचा त्याला काही पत्ताच लागत नाही. म्हणून आधी दोन पायडल मारायचे आणि मग बटण दाबायचं, असं ठरलं. हे सगळं सुटत गेलं, आणि दर वेळी एक गाठ सुटली की गोरख असा फोन करायचा, जसा काही त्याला मुलगा झालाय. मी बाळाचं डोकं धरून उभी असायची आणि हा पलीकडून मला चकतीचे दात मोजून दाखवायचा.

शेवटी राहिला तो पॅक, आणि त्यानं आम्हाला रडवलं.

मध्यंतरी काही ठिकाणी ड्रोन भर बाजारात माणसांवर पडले. बॅटरी संपली, चालवणाऱ्याचं लक्ष नव्हतं, एवढंच कारण. तेव्हापासून उडणाऱ्या प्रत्येक बॅटरीत एक चिप आली. ती पॅकच्या झाकणात वितळवून बसवलेली असते. आपला तळ कुठं आहे हे तिला माहीत असतं, आपण कुठं आहोत हे तिला उपग्रहावरून कळतं, आणि इथून तळापर्यंत परत जायला किती वीज लागेल याचा हिशेब ती सतत करत राहते. परतीपुरतीच वीज उरली, की ती पुढं जायला एक थेंब देत नाही. तोंड तळाकडे वळवून दोन पावलं टाकली की मात्र लगेच देते. ड्रोनसाठी हे शहाणपणाचं आहे. सायकल चालवणाऱ्या माणसाला मात्र वेड लागेल.

त्यातून ती ड्रोनची बॅटरी. सायकल उतारावर फुकट जाते, हे तिच्या डोक्यात शिरत नाही. ड्रोनला खाली उतरतानासुद्धा पंखे फिरवावेच लागतात. त्यामुळे दिंडोरीहून वर चढताना ती परतीच्या उतारासाठीही चांगली भरभक्कम वीज राखून ठेवायची. परत येताना सायकल नुसती सोडून दिली तरी घरी पोचते, हे तिला कोण सांगणार.

पहिल्या खऱ्या फेरीला गोरख घाटाच्या तिसऱ्या वळणापर्यंत आला. तिथं करवंदीची एक मोठी जाळी आहे. जाळीपाशी मोटार बंद. यानं सगळ्या तारा तपासल्या, काही नाही. वैतागून सायकल वळवली, तर मोटार सुरू. पुन्हा वर वळवली, बंद. त्यानं मला फोन करून सांगितलं तेव्हा तो हसत होता. पुढच्या खेपेला पुन्हा जाळीपाशी बंद पडली, तेव्हा हसत नव्हता.

मग त्याचे उपाय सुरू झाले. तळ बदलायचा तर कंपनीच्या कॉम्प्युटरवरून बदलायचा, असं तो शिकला होता. कंपनीच राहिली नव्हती. त्यानं एक पॅक उघडून चिप काढायचा प्रयत्न केला, तर आतला फ्यूज उडाला आणि पॅक कायमचा मेला. मग उपग्रह दिसू नये म्हणून दुसऱ्या पॅकला पोळ्या गुंडाळायच्या चकाकत्या कागदात गुंडाळला. पॅकला वाटलं, आपण हरवलो. हरवलेला पॅक वीज देत नाही, मालकाला हाका मारत बसतो. हा रस्त्याकडेला, मागं कॅरियरवर चांदीचा गठ्ठा, आणि गठ्ठा एकसारखा किंचाळतोय. एक बागायतदार काठी घेऊन धावत आला, म्हणे कोणतं जनावर पकडलंय? दोन पॅक बांधून पाहिले तर वजनानं मागच्या चाकाच्या तारा तुटल्या, तेही बरोब्बर चढावर.

ऐकताना कोणालाही हसू येईल. मलाही यायचं. पण प्रत्येक वेळी फोन ठेवताना तो म्हणायचा, “मी निघालो होतो गं. पॅकनं येऊ दिलं नाही.” आणि हे वाक्य मला हळूहळू टोचायला लागलं. जाळीपासून पळसदरा पायी येण्यासारखा आहे. सुमन गावित, माझी आशाताई, पोटात सातवा महिना असताना ती वाट चढली होती. गोरख जाळीपाशी सायकल वळवायचा आणि पूर्ण वेगानं दिंडोरीला जायचा.

नवरात्रात मी त्याला सांगितलं, यंदा खंडेनवमीला हत्यारं इथं आणा. दर वर्षी तो वर्कशॉपमध्ये पूजा मांडतो. त्याच्या घरात या पूजेचं फार सोवळं आहे. त्याचे वडील लोहारकाम करायचे. अष्टमीच्या संध्याकाळी हत्यारं धुऊनपुसून ठेवायची, नवमीला मांडून पूजा, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही, ती जागची हलवायची नाही. त्यानं बरीच का-कू केली. मी म्हटलं, येणार नसाल तर मला माझ्या मनानं मॅडमना उत्तर द्यावं लागेल. तेव्हा आला.

अष्टमीला दिवस मावळता मावळता तो अंगणात शिरला. जाळीपासून सायकल ढकलत आणली होती. त्यात पॅकचं वजन, त्यात पिशवीभर पाने, मीटर, सोल्डरिंगची कांडी. घामानं भिजलेला, चेहरा असा, की मी त्याला काही विचारलं असतं तर त्यानं सायकल दरीत लोटली असती. सुमननं पाणी दिलं आणि म्हणाली, “भाऊ, बॅटरीची सायकल अशी असते व्हय? आमची बिनबॅटरीची यापेक्षा हलकी असती.” त्यानं पडवीत सायकल लावली, पॅक चार्जरला जोडला आणि भिंतीला टेकून बसला.

सकाळी मी पाटावर त्याची हत्यारं मांडली, शेजारी माझी जुनी कात्री, जुना वजनकाटा. कामाची अवजारं मी पूजेला ठेवत नाही, बाळंतीण दसऱ्याची वाट बघत नाही. सायकलच्या हँडलला झेंडूची माळ घातली, पॅकला हळदकुंकू लावलं. पॅक भरला होता आणि त्याच्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता. मी तो बंद करायला हात पुढं केला, तर गोरखनं मला थांबवलं. पूजेतला दिवा विझवायचा नाही म्हणे. मी म्हटलं, अहो, तो पॅक चालू असल्याचा दिवा आहे. तर म्हणाला, दिवा तो दिवा, उद्या सकाळी मी काढीन. एवढा शिकलेला मेकॅनिक, पण वडिलांची शिस्त आली की डोकं गहाण.

नवमीचा दिवस मी विसरणार नाही. हत्यारांना हात लावायचा नव्हता, आणि दर वर्षीसारखी दुकानात माणसांची ये-जाही नव्हती, त्यामुळे गोरखजवळ करायला काहीच नव्हतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्याला रिकाम्या हातांनी बसलेला पाहिला. तो पडवीच्या कडेला बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला. गावातली चार माणसं येऊन गेली. त्यांनी त्याला राम राम केला आणि बोलली माझ्याशी. दुपारी जेवताना मी मॅडमचा विषय काढला. तो म्हणाला, सायकलला अजून थोडा वेळ दे. मी म्हटलं, सायकलला दिला तेवढा वेळ मी कोणत्याच माणसाला दिला नाही.

त्यानं ताट बाजूला सारलं. “इथं मी कोण आहे, सांग. सिस्टरचे मिस्टर. सकाळपासून चार जण आले, एकानं तरी नाव विचारलं? तिथं माझं दुकान बंद दिसलं तर लोक घरी येतात.”

“आणि दिंडोरीत मी कोण होते?” मी विचारलं. “तुम्हाला कधी प्रश्न पडला?”

त्याला तो पडला नव्हता, हे त्याच्या तोंडावरच दिसलं. पण पडला नव्हता म्हणून तो काही नरमला नाही. संध्याकाळभर आम्ही एकमेकांशी फक्त मीठ आणि पाणी याविषयी बोललो. मला रडू येत होतं आणि ते मी पडवी झाडण्यात घालवलं. रागही होता, पण रागापेक्षा जास्त थकवा होता. घाट चढून-उतरून जेवढी मी कधी थकले नाही, तेवढी त्या एका दिवसात थकले.

दसऱ्याला सकाळी त्यानं माळ काढली, चार्जर काढला, हत्यारं पिशवीत भरली. दुकान उघडायचंय, आज लोक गाड्या पूजेला घेऊन येतील, म्हणाला. निघाला. घाट उतार असल्यामुळे त्याला मोटार लागणारच नव्हती. मी दारात उभी होते, पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

फोन आला तेव्हा मी एका मुलाच्या कानातला खडा काढत होते. गोरख फाट्याच्या थोडा पुढं, सपाटीवर होता. मोटार बंद पडली होती. “भरलेला पॅक आहे,” तो ओरडत होता, “आणि दिंडोरीच्या दिशेला तोंड आहे. तळाकडेच चाललोय, मग बंद कशी पडते?” मी काय सांगणार, मी खडा काढत होते. मग त्याचा आवाज थांबला. त्यानं सायकल वळवून पाहिली असावी. मला मोटारीची बारीक शीळ ऐकू आली, चांगली जोमात.

“वृषाली,” तो म्हणाला, “बॅटरीनं तळ बदललाय. पळसदरा केलाय.”

मग तो बोलतच सुटला. कंपनीत असताना फवारणीचा तांडा गावोगाव फिरायचा. नव्या गावात पोचलं की ड्रोन चार्जरला लावून ठेवायचे आणि एक दिवस-रात्र मुक्काम झाला की तळ आपोआप बदललेला असायचा. सगळ्यांना वाटायचं, ऑफिसमधून कोणीतरी बदलतं. ऑफिसमधून कोणी बदलत नव्हतं. पॅक चालू ठेवून, चार्जरला जोडून, एक अख्खा दिवस आणि रात्र न हलवता एका जागी राहिला, की चिप ती जागा आपली धरते. रोजच्या कामात बॅटरी कोण एवढा वेळ स्वस्थ ठेवतो? खंडेनवमी आली, पूजेतला दिवा विझवायचा नव्हता, म्हणून ते झालं. आता तळ उंचावर गेला. परत वर चढायला लागेल तेवढी वीज पॅक राखून ठेवणार, म्हणूनच तो सपाटीवर अडला.

मला वाटलं, आता हा माझ्यावर खापर फोडेल. पण त्याचा आवाज एकदम उजळला. तो म्हणाला, “अगं, प्रश्न सुटला. दिंडोरीहून भरलेला पॅक घेऊन निघालो, की तो तळाकडेच चाललेला असणार. सगळी वीज देणार. अख्खा घाट मोटारीवर. सकाळी उतार फुकट, आणि सपाटीवर थोडे पायडल. रोज येतो बघ आता. दिवेलागणीला तुझ्याकडे, उजाडायला परत. सांग मॅडमना, राहते म्हणून.”

दोन वर्षं मी या फोनची वाट पाहिली होती. सायकल चालत होती. कोणालाच काही सोडावं लागणार नव्हतं, तो म्हणाला होता तसंच. आणि मला इतका राग आला की खडा काढायचा चिमटा मी ट्रेमध्ये आपटला. तो पोरगा दचकला. त्याला आईकडे दिलं आणि बाहेर पडवीत आले.

“मला मुक्कामाची एसटी नको आहे,” मी म्हटलं. “अंधार पडला की यायचं आणि उजाडायला निघून जायचं. गावाला तुमचं नाव मग कधी कळणार?”

तो गोंधळला. म्हणाला, अगं, पण तूच तर या म्हणायचीस. मी म्हटलं, या नाही म्हणत होते, राहा म्हणत होते. सायकलचा प्रश्न सुटला, तो तुमचा होता. माझा प्रश्न तुम्ही ऐकलाच नाही.

“पॅक आता मला वर आणतोय तर—”

“पॅक आणतो म्हणून येऊ नका. इतके दिवस पॅक येऊ देत नव्हता, आता पॅक जाऊ देत नाही. तुमचं तुम्ही काय ते कधी ठरवणार?” माझा आवाज चढला होता, समोरच्या घरातून माणसं बघत होती, बघू देत. “ती बॅटरी इथं एक दिवस गप्प बसली, तर तिला गाव कळलं. तुम्ही काल अख्खा दिवस रस्त्याकडे बघत होतात.”

पलीकडून फोन बंद झाला.

मी तिथंच उभी राहून मॅडमना निरोप पाठवला, की मी पळसदऱ्याला राहते, कायमची. सुट्टीच्या दिवशी पाठवल्याबद्दल माफीही मागितली. नवरा येवो, न येवो, असं काही मी त्यात लिहिलं नाही, पण पाठवताना मनात तेच होतं, आणि छाती अशी धडधडत होती, की स्वतःचंच बीपी बघावं असं वाटलं. सुमननं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, मी इथंच राहणार आहे. ती म्हणाली, मग त्यात रडायचं काय?

दुपार गेली. मी दोन ड्रेसिंग केली, एकीला गोळ्या दिल्या. एकदाही फोन वाजला नाही. फाट्यापासून दिंडोरी सायकलनं किती लांब ते मला माहीत होतं. तो केव्हाच दुकानात पोचला असणार, लोक गाड्यांना हार घालून रांगेत उभे असणार, असा हिशेब मी मनात शंभरदा केला. मोटारीवर परत यायचं असतं, तर तो जेवणाच्या वेळेपर्यंत वरच आला असता. तोही हिशेब केला. दोन्ही हिशेब एकच सांगत होते.

ऊन कलल्यावर गावातली माणसं सोनं द्यायला यायला लागली. आपट्याची पानं घेते आहे, वाकून नमस्कार करते आहे, असं चाललं होतं आणि मला कोणी काय बोलतंय ते धड ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात सुमन म्हणाली, “सिस्टर, ते बघा.”

गोरख अंगणाच्या तोंडाशी होता. सायकल हातानं ढकलत आणलेली. शर्ट अंगाला चिकटला होता, एका चपलेचा पट्टा सुतळीनं बांधलेला होता, आणि श्वास असा चालला होता, की आधी मी त्याला खाली बसवलं, नाडी बघितली, मग पाणी दिलं. फाट्यापासून इथपर्यंत, सबंध घाट, ते वजन ढकलत. मी पॅककडे पाहिलं. दिवा बंद होता. मला वाटलं, हाही जळाला.

“पॅक बिघडला का?”

त्यानं मान हलवली.

“ठणठणीत आहे. बंद करून ठेवला,” तो म्हणाला. “चालू केला असता तर तू म्हणाली असतीस, बॅटरीनं आणला.”

मला त्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या. एवढ्या उन्हात, या वयात, असला हट्ट. काही झालं असतं तर उडतं वाहन मलाच बोलवावं लागलं असतं. मी तसं बोललेही, बरंच बोलले, आणि बोलता बोलता त्याच्या टाचेवरचा फोड धुऊन पट्टी बांधली. सोनं द्यायला आलेली माणसं अंगणात तशीच उभी होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, पाव्हणं, नाव काय तुमचं? गोरखनं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं त्याच्या हातावर दोन पानं ठेवली.

मी त्याला सांगितलं, की मॅडमना कळवून टाकलंय. तो हो म्हणाला, वाटेत तसंच वाटलं होतं. माणसं गेली, सुमन गेली, मी चहा आणून दिला. तो पडवीच्या कडेला बसून प्यायला, आणि या वेळी रस्त्याकडे पाठ होती. तो पडवी बघत होता. आढ्याकडे बघितलं, भिंतीला हात लावून बघितला, उठून लंगडत मीटरच्या पेटीपाशी गेला आणि झाकण उघडून आत डोकावला.

“इथं थ्री-फेज मिळेल का?” त्यानं विचारलं. “लेथला लागेल.”

“ग्रामपंचायतीत विचारावं लागेल,” मी म्हटलं. “आज दसरा आहे, कोणी भेटायचं नाही.”

“मग उद्या जाऊ,” तो म्हणाला, आणि झाकण लावून परत येऊन बसला.